तू नुसतं हूं कर

"कोण म्हणालं?"

सरांनी हात वर करून गाणं थांबवलं. आम्ही सहा जणी अर्धगोल उभ्या होतो. 

"पानी कोण म्हणालं?"

 पाच माना माझ्याकडं वळल्या.

लातुरात सरांचं कापडाचं दुकान. दुकानावर एक लांब खोली, खाली सतरंजी, भिंतीला मोठा आरसा. तिथं आमचा सराव चालायचा. जिन्यातनं कोऱ्या कापडाचा वास वर यायचा. गाणं सरांनीच लिहिलेलं. ‘रानोरानी पाणी, पाण्यावरती गाणी.’ ओळभर नुसते णच ण.

"तू एकटी म्हण."

मी म्हणाले, "रानोरानी पानी."

हसल्या सगळ्या. आधी दबून, मग मोकळ्या.

"जीभ वर टाळूला लाव. अशी." सरांनी आ करून स्वतःची जीभ दाखवली. "म्हण. ण."

"न."

"ण."

"न."

भ्यालेल्या माणसाला येत असलेलंही येत नाही. माझी जीभ तोंडात लाकडासारखी पडली. सरांच्या बायकोला आम्ही ताई म्हणायचो. त्या चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. ट्रे खाली ठेवला नाही त्यांनी. तसाच धरून उभ्या राहिल्या, बघत.

मग सर जे बोलले ते जसंच्या तसं सांगते.

"असं कर. तू शब्द म्हणू नको. तू नुसतं हूं कर. आवाज चांगला आहे तुझा. तोंड चांगलं नाही."

परत हसल्या. या वेळी ताईही हसल्या.

सरांनी हात खाली आणला. गाणं सुरू झालं. पाच जणी पाणी म्हणाल्या. मी हूं केलं.

मी भोकरची. कापसाच्या जिनिंगच्या मागं आमची वस्ती. विहार, विहारासमोर निळा झेंडा, झेंड्याभोवती सिमेंटचा ओटा. बापाला आम्ही दादा म्हणतो. दादा मोंढ्यात हमाली करतो, पाठीवर पोती वाहतो, आणि जयंतीचे दिवस आले की गायन पार्टीत गातो. पेटीवर त्याचा भाऊ, ढोलकीवर शेजारचा. भोकर, उमरी, पार तिकडं इस्लापूरपर्यंत त्यांची पार्टी जाते. माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाते. तिचा आवाज जाड. वेचणीला बायका ओळीत लागल्या की मायच्या गाण्यावर हात चालतात.

माझा आवाज मायचा. खालचा, भरलेला. शाळेत प्रार्थनेला बाई म्हणायच्या, "तू हळू म्हण गं, पोरासारखा आवाज काढून राहिलीस." मी हळू म्हणायचे. मला वाटायचं बाईचा आवाज बारीकच असावा लागतो. माझ्यात काहीतरी बिघडलेलं आहे.

बारावीनंतर लातूरला आले. बी.ए.ला. मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी दादाचं एक गाणं म्हटलं आणि खाली उतरले. सर पाहुणे म्हणून आलेले. कार्यक्रम संपल्यावर मला शोधत मांडवामागं आले.

"असा खर्ज मुलींत मिळत नाही," म्हणाले. "कुणाची तू?"

मी दादाचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. काय कळायचं ते त्यांना कळलं.

सरांचा ग्रुप हार्मनीचा. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. एक जण वर गाते, चौघी मधे, एक खाली. सूर वेगवेगळे, गाणं एकच. मला हे माहीत नव्हतं. आमच्याकडं सगळे मिळून गायचे तर एकाच सुरात, जोरात. पहिल्या दिवशी सरांनी मला एक खालचा सूर दिला. म्हणाले, काही झालं तरी सोडू नको. मी धरला. माझ्यावर दुसरी आली, तिच्यावर तिसरी, वर प्राजक्ताचा बारीक आवाज. आणि एका क्षणाला सहाही जणींचं असं काही जुळलं की माझ्या बरगड्या थरथरल्या. खोलीत आणखी कुणीतरी गातंय असं वाटलं. मी वळून बघितलंसुद्धा. कुणी नव्हतं. आमचेच आवाज होते ते.

त्या दिवशी वसतिगृहाकडं जाताना मी रस्त्यात एकटीच हसून राहिले होते. माझा जाड आवाज बिघडलेला नव्हता. त्याला जागा होती. सगळ्यांत खाली, पायात. घराच्या पायासारखी. असं मी मनाला सांगितलं.

पाया मातीत असतो, दिसत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

त्या ‘पाणी’च्या दिवसानंतर मला परत कधी शब्द मिळाला नाही. नवीन गाणं बसवायला घेतलं की सर कागद वाटायचे. पाच कागद. माझ्याकडं बघून म्हणायचे, "तुला काय, तुला हूं." भक्तिगीत असो, पावसाचं असो, देशाचं असो, मी हूं. कधी कधी ‘आ’. लग्नाच्या हॉलात, बँकेच्या वर्धापनदिनाला, साखर कारखान्याच्या कार्यक्रमाला आम्ही गायलो. मी कडेला उभी. बॅनरवर सगळ्यांची नावं आडनावासकट. माझं नुसतं नाव.

मी ताईंना विचारलं, माझं आडनाव राहिलं का?

ताई म्हणाल्या, "अगं, बसत नव्हतं बॅनरवर."

माझं आडनाव तीन अक्षरांचं आहे. प्राजक्ताचं सहा.

प्राजक्ता माझ्याशी चांगली वागायची. तिच्या वडलांची औशाकडं बागाईत, घरी गाडी. ती मला डब्यातलं द्यायची, स्कुटीवर वसतिगृहापर्यंत सोडायची. एकदा म्हणाली, "मनावर घेऊ नको गं. सर सगळ्यांनाच बोलतात."

मी म्हणाले, "सगळ्यांना हूं करायला लावत्यात का?"

ती गाडी चालवत राहिली.

मी ण शिकायचं ठरवलं. वसतिगृहाच्या न्हाणीघरात दार लावून, बादलीत नळ सोडून, म्हणायचे. पाणी. लोणी. कोण. बाण. कणीस. बाहेरून पोरी दार वाजवायच्या, किती वेळ गं? मी नळ आणखी मोठा करायचे. जीभ दुखायची. पण आला. खरंच आला. एक दिवस सरावाच्या आधी मी सरांसमोर उभी राहिले.

"सर, मला येतं आता."

"काय?"

"ण. पाणी. कोण. कणीस. रानोरानी पाणी, पाण्यावरती गाणी."

सर ऐकत होते. त्यांनी डोळे मिटले होते, चांगलं गाणं ऐकताना मिटायचे तसे. मला वाटलं झालं.

डोळे उघडून म्हणाले, "येतं की. पण कळतं गं. शिकलेलं आहे हे कळतं. आतनं आलेलं नाही."

मी तिथंच उभी राहिले. आतनं म्हणजे कुठनं? माझ्या आत काय आहे हे यांना कसं माहीत?

आणि सर स्वतः कुठले? उदगीरच्या पलीकडचे. फोनवर आईशी अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायचे. दुकानात पोऱ्या चुकला की ओरडायचे, "अरे, लई टाइम लावून राहिला तू!" तेच सर वरच्या खोलीत आले की पुण्याचे व्हायचे. ताई कौतुकानं सांगायच्या, यांची गावाकडची भाषा किती गोड आहे ना. हो. त्यांची गावाकडची भाषा गोड. माझी अशुद्ध. त्यांचा गाव आणि माझा गाव यात फरक मराठीचा नव्हता.

हे सगळं मला तेव्हा असं सरळ दिसत नव्हतं. तेव्हा मला लाज वाटायची. रागाच्या जागी लाज. राग आला असता तर बरं झालं असतं.

मी कमी बोलायला लागले. वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायचे तेवढंच. दुकानात गेले तर बोट दाखवून वस्तू मागायचे. बोलायच्या आधी डोक्यात वाक्य जुळवायचं, त्यात ण कुठं आहे, ळ कुठं आहे ते बघायचं, तो शब्द टाळता येतो का बघायचं. तोवर समोरचा निघून जायचा. आणि ग्रुप मात्र सुटत नव्हता. कारण ते जुळणं. त्या सहा आवाजांचं एक होणं. त्याची मला चटक लागली होती. त्यासाठी मी हूं करत राहिले. दोन वर्षं.

एप्रिलात जयंतीला घरी गेले. वस्तीत स्टेज घातलेलं, निळ्या पताका, बायका नवीन लुगडी नेसून पुढं बसलेल्या. दादाची पार्टी. दादानं माईकवर सांगितलं, "आता आमची पोरगी म्हनंल. लातुरात मोठ्या ग्रुपात गाती." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वर चढले. चुलत्यानं पेटीवर सूर दिला. गाणं दादानं बांधलेलं, माझ्या लहानपणापासूनचं, झोपेतसुद्धा म्हणता येईल असं. ‘कोन म्हनतो आमी न्हाई, आमी हावोत मानसं.’

मी तोंड उघडलं.

"को..."

पुढं येईना. कोन की कोण? म्हनतो की म्हणतो? पहिल्याच शब्दाला गळ्यात कुणीतरी उभं राहून मला अडवत होतं. चुलत्यानं परत सूर दिला. मी परत तोंड उघडलं. ढोलकी थांबली. समोर सगळी माझीच माणसं. इथं कुणी हसणार नव्हतं, कुणी टाळू दाखवणार नव्हतं. तरी मला माझं गाणं म्हणता येईना.

बायका कुजबुजल्या, "काय झालं गं पोरीला?"

तेवढ्यात खालून आवाज आला. मायचा. बसल्या जागेवरनं, बिनमाईकचा. "कोन म्हनतो आमी न्हाई..." तिच्यामागं बायांनी उचललं. ढोलकी सुरू झाली. सगळी वस्ती म्हणायला लागली. मी स्टेजवर उभी, तोंड मिटून. एवढं गाणं चाललेलं आणि माझ्या गळ्यातनं काय निघालं माहीत आहे? हूं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय चुलीपाशी भाकरी थापत होती. मी जवळ बसले. तिनं एक भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "काय झालं माय तुला काल?"

"शब्द येईनात."

"येईनात म्हंजे? कोनी घेतले?"

 माय भाकरी उलटवत होती. तिला उत्तराची गरज नव्हती, असं वाटलं. पण तो प्रश्न माझ्याबरोबर लातूरला आला. कोनी घेतले.

त्यानंतर काही महिन्यांनी नांदेडचा कार्यक्रम ठरला. मोठे कोचिंग क्लास चालवणाऱ्या एका संस्थाचालकाचा. विषय समता. एसी हॉल, फेटेवाले पाहुणे. सरांनी समतेवर गाणं लिहिलं. सरावाला मला म्हणाले, "या वेळी तू मधे उभी राहायचं."

मी पटकन विचारलं, "शब्द सर?"

"शब्द प्राजक्ता म्हणेल. तुला हूंच. पण मधे. आणि हे बघ, तुझ्या आईवडिलांना मी स्वतः फोन केलाय. या म्हटलंय. तुझं कौतुक आहे."

सगळ्यांना पिवळ्या साड्या. मला पांढरी, निळ्या काठाची. ताईंनी दुकानातनं मुद्दाम काढून ठेवलेली. ती हातात घेतल्यावर मला अर्धं कळलं. उरलेलं अर्धं नांदेडला कळलं.

आम्ही स्टेजवर उभ्या राहिलो. मी मधे. समोर दिवे, दिव्यांच्या मागं माणसं. दादा-माय सगळ्यांत मागच्या रांगेत. दादा मोंढ्याला सुट्टी टाकून आलेला, पांढरा सदरा, इस्त्रीचा. माय खुर्चीच्या टोकावर बसलेली, गादी मळंल अशी भीती वाटल्यासारखी.

सरांनी माईक घेतला.

"गाण्याआधी दोन शब्द," म्हणाले. "मधे उभी आहे ही आमची मुलगी. भोकरच्या एका वस्तीतनं आलेली. बाप हमाल, आई मजूर. ही आमच्याकडं आली तेव्हा हिला नीट ‘पाणी’सुद्धा म्हणता येत नव्हतं."

हॉल हसला. प्रेमानं हसला, असं त्यांना वाटलं असणार.

"आम्ही हिला सांभाळलं. घडवलं. समता म्हणजे भाषण नव्हे मित्रहो, समता म्हणजे हे." त्यांनी माझ्याकडं हात केला. मोठ्या टाळ्या. "हिचे आईवडील आले आहेत. कुठं आहेत? उभे राहा हो. लाजू नका."

दिवेवाल्यानं दिवा फिरवला. मागच्या रांगेवर आणला. माय पदर सावरत उठली. दादा उठला. सगळा हॉल मान वळवून त्यांना बघत होता. फेटेवाले बघत होते.

आणि दादानं हात जोडले.

माझा बाप. पाठीवर क्विंटलाचं पोतं घेऊन फळीवरनं चालणारा. जयंतीला माईक हातात घेतला की गावच्या पाटलाच्या वाड्यापर्यंत आवाज नेणारा. ‘आमी हावोत मानसं’ हे गाणं ज्यानं बांधलं तो. दिव्यात डोळे बारीक करून, वाकून, हात जोडून उभा होता. उपकार झाल्यासारखा. मला बोलता येत नव्हतं आणि यांनी शिकवलं, म्हणून.

सरांनी माईक ठेवला. आमच्याकडं तोंड करून हात वर केला. गाण्याची सुरुवात माझ्या हूंनं होती.

हात खाली आला. मी गप्प.

त्यांनी परत हात उचलला. परत खाली. मी गप्प. प्राजक्तानं शेजारून माझ्या बोटाला बोट लावलं.

सर ओठ न हलवता म्हणाले, "हूं."

मी माझ्या माईकजवळ गेले.

"मी भोकरची," मी म्हणाले. "मला बोलता येतं. पयल्यापासून येतं. माझ्या मायनं शिकवलं. ती तिथं उभी हाय. ह्यांनी मला बोलायला शिकवलं न्हाई. ह्यांनी मला गप बसायला शिकवलं."

माईक बंद झाला. कुणी केला माहीत नाही. पण माझा आवाज जाड आहे. त्याला माईक लागत नाही.

"दोन वर्सं मी ह्यांच्या गान्यात हूं करून राहिले. मला शब्द द्येत न्हाईत हे. आन् आज समता म्हनून मला दाखवून राहिले. मी न्हाई करनार."

एक न, दोन न, सगळे न. जीभ टाळूला लावली नाही. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मी पायऱ्या उतरले. मधल्या वाटेनं चालत गेले. लोक पाय आत घेऊन वाट देत होते, जसं काही माझ्या साडीला काही लागलेलं आहे. माझ्यामागं सरांनी गाणं सुरू केलं. पाच जणींचं. खालचा सूर नव्हता. माझ्यावाचून गाणं कोसळलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. गाणं झालं. टाळ्या झाल्या. त्या हॉलात कुणालाच कळलं नाही की खाली काहीतरी नाही.

बाहेर येताच दादा माझ्यावर ओरडला. "काय केलंस हे? मोठी मानसं हायेत ती. जा, माफी मागून ये."

"कशाची?" माय म्हणाली.

"तुला कळत न्हाई. पोरीचं शिक्षन हाय तिथं. लातुरात ऱ्हायचं हाय तिला."

"कशाची माफी ते सांग की. पोरीनं काय चोरलं का कुनाचं? चल गं." मायनं माझा दंड धरला. तिची बोटं कापसाच्या बोंडांनी चिरलेली, खरखरीत. एवढी घट्ट धरली तिनं की दुखलं.

आम्ही एसटी धरली. दादा खिडकीशी बसला. बारड गाव मागं पडल्यावर तो खिडकीकडं बघतच म्हणाला, "मी कशाला हात जोडले गं?"

  त्याचं त्यालाच उत्तर काढायचं होतं.

पुढचं सोपं नव्हतं. सरांनी ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘कृतघ्नता हा सर्वांत मोठा बेसूर.’ पाच जणींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मग मला काढून टाकलं. कुणीतरी हॉलातला माझा व्हिडिओ पसरवला. खाली लोकांनी काय काय लिहिलं. उर्मट. हिला स्टेज दिलं हीच चूक. हे लोक असेच. एकानं लिहिलं, अगोदर ण म्हणायला शिक. त्याला शेकड्यांनी अंगठे. वस्तीतल्या पोरांनी भांडण काढलं त्यांच्याशी, एकेकाचं नाव घेऊन. मीच थांबवलं त्यांना. कॉलेजच्या सांस्कृतिक विभागानं युवक महोत्सवाच्या संघातनं माझं नाव गाळलं. कारण विचारलं तर विभागाच्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "संघात शिस्त लागते."

मला वाटलं होतं बोलल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. रात्रंदिवस एकच गोष्ट छळायची. कपडे धुताना, चालताना मी खालचा सूर धरायचे आणि वरनं कुणी यायचं नाही. प्राजक्ता आली होती दिवाळीनंतर. वसतिगृहाच्या फाटकाशी स्कुटी लावून उभी. म्हणाली, "सरांनी पाठवलंय. ते म्हणतात, झालं गेलं विसर. तुला शब्द देतो म्हणतात. एक कडवं पूर्ण तुझं. बॅनरवर आडनावासकट नाव."

"काहून?"

ती जरा घुटमळली. "नावं ठेवून राहिलेत लोक सरांना. कार्यक्रम कमी झालेत."

"म्हंजे परत दाखवायलाच पाहिजे मी."

"तसं नाही गं. पण तू एकटी काय करणार? हार्मनी एकटीला गाता येत नाही." तिचे डोळे भरून आले. ती वाईट पोरगी नाही. त्या दिवशी ती हसली होती, आणि आज रडत होती, आणि दोन्ही वेळा ती सरांच्याच बाजूला उभी होती.

मी म्हणाले, "शब्द देतो म्हनत्यात. त्यांच्या खिशातले हायेत का? माझे हायेत ते. मला कोनी द्यायची गरज न्हाई. जा, सांग जा."

ती गेली. खरं बोलली होती ती. एकटीला गाता येत नाही.

म्हणून मी दुसऱ्या शोधल्या. वसतिगृहातच. एक इस्लापूरकडची, घरी गोंडी बोलते, मराठी बोलताना अडखळते, आवाज कडक, उंच. तिला पहिल्याच वर्षी वर्गात वाचायला लावून हसले होते. ती परत वर्गात उभी राहिली नव्हती. दुसरी देगलूरची, शबाना. तिची मराठी उर्दूतनं येते, उर्दू तेलुगूतनं. आम्ही तिघी कपडे धुवायच्या जागी गातो. गच्चीवर गेलो तर वॉर्डन ओरडतात. अजून नीट जमत नाही. इस्लापूरची वर निसटते, शबाना मधे हरवते, मी खाली एकटी उरते. शिकवायला कुणी नाही. जे मला आलंय ते मी त्या खोलीतनं कानानं उचलून आणलंय, तेच तिघी वाटून घेतो. गाणं दादाचं घेतलं आहे. इस्लापूरची त्यात तिचे दोन शब्द घालते, शबाना तिचे. कुणी कुणाची जीभ सरळ करायची नाही, एवढा एकच नियम.

मी हे लिहिताना ण लिहिते. शाळेनं शिकवलंय, टाकून देणार नाही. बोलताना न बोलते. मायनं शिकवलंय, ते तर नाहीच टाकणार. यात मला आता लाज वाटत नाही. राग वाटतो. उशिरा आला, पण पक्का आला आहे, आणि तो मी जपून ठेवणार आहे. लोक म्हणतात राग सोड, गाणं धर. माझं तसं नाही. दोन्ही एकाच गळ्यात राहतात.

यंदाच्या महोत्सवात कॉलेज आम्हाला पाठवणार नाही. शहरात एक खुली स्पर्धा आहे, कुणालाही उतरता येतं. आम्ही तिघी उतरतोय. पहिल्या फेरीत बहुतेक बाहेर पडू. शबाना घाबरली आहे, इस्लापूरची नखं खाते. काल कळलं, परीक्षकांत सर आहेत. त्या दोघी म्हणाल्या, मग नको जाऊ या.

मी म्हणाले, जायचं.

मार्क त्यांच्या हातात आहेत. देऊ नयेत. शून्य द्यावं. पण परीक्षकाला मधे उठून जाता येत नाही, आणि माझा माईकही आता त्यांच्या माणसाकडं नाही. मी समोर उभी राहणार, त्यांच्या डोळ्यात बघणार, आणि पहिला शब्द म्हणणार तो माझ्या बोलीतला. त्यांना खुर्चीत बसून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकावं लागणार आहे.